पैनगंगेचा उतार

माझ्या आजीच्या सासरी स्वातंत्र्य आले, त्या दिवशी तिच्या माहेरी ते आले नव्हते. मधे फक्त पैनगंगा होती. आमच्या गावच्या घाटावर उभे राहिले की हिवाळ्यात, धुके विरल्यावर, पलीकडच्या गावातल्या महादेवाचा कळस आणि पारावरचा कडुलिंब स्पष्ट दिसतो, आणि दोन्ही काठांवरचे भोई एकमेकांना हाक मारून बोलू शकतात. तरीही १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे मोजून ३९९ दिवस, अलीकडचा काठ स्वतंत्र भारतात होता आणि पलीकडचा निजामाच्या राज्यात. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडच्या बाजूला आहे आणि समोरचा मुलूख नांदेड जिल्ह्यातल्या हदगावचा. लहानपणी आम्ही शाळेत १५ ऑगस्टला झेंडा फडकवत असू आणि पलीकडची माझी भावंडे तो १७ सप्टेंबरला आणखी एकदा फडकवत. त्यांना एक दिवस जास्त खाऊ मिळतो, एवढाच त्या फरकाचा अर्थ मला तेव्हा कळत होता.

आमच्याकडची जुनी माणसे नदीपलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. आजी त्या अर्थाने मोगलाईतली पोर होती. पण ज्या वऱ्हाडात ती सून म्हणून आली, ते वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते, हे मला फार उशिरा समजले. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार काढून घेतला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले. १९३६ च्या करारात त्याला पुन्हा मान्यता मिळाली, निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला आणि वऱ्हाडात इंग्रजी निशाणाच्या शेजारी निजामाचे निशाण लावण्याची मुभाही मिळाली. त्यामुळे इंग्रज जाणार असे १९४७ च्या उन्हाळ्यात नक्की झाले, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांच्या आनंदात एक धास्तीही मिसळलेली होती. पट्टा देणारा राहिला आणि पट्टा घेणारा निघून गेला, तर जमीन कोणाची, हा प्रश्न कोणत्याही कास्तकाराला सहज कळण्यासारखा होता.

ही हद्द नकाशावर कशीही असो, आजीला ती रोजच्या व्यवहारातून कळली. तिचे लग्न १९४३ मध्ये, चौदाव्या वर्षी झाले. लग्नाचे वऱ्हाड परत निघाले तेव्हा उन्हाळा होता, नदीला गुडघाभर पाणी होते आणि बंड्या उतारावरून सहज पार होण्यासारख्या होत्या. पण उताराच्या तोंडाशी करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्याची जकात. नाक्यावरच्या कारकुनाने आंदणातली पितळी भांडी एकेक करून खाली उतरवायला लावली, मोजली आणि महसूल सांगितला. पोरीच्या आंदणावर सरकार पैसे घेते, याचे तिच्या वडिलांना एवढे वाईट वाटले की त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर डोळ्यांना उपरण्याचे टोक लावले. पैसे द्यायचे हाली नाण्यात. निजामाच्या राज्यात उस्मानिया शिक्का, म्हणजे हाली रुपया चाले, आणि इकडे इंग्रजी कल्दार. ‘सात हालीचे सहा कल्दार’ हे गणित आजी शाळेत न जाता शिकली, आणि शेवटपर्यंत कोणतीही महागाईची गोष्ट निघाली की तिच्या तोंडी तेच येत असे. तिकडे टपालाची तिकिटे वेगळी, कचेरीचा कागद उर्दू. इकडे पटवाऱ्याचा कागद मराठी. आमच्या पत्र्याच्या पेटीत दोन्ही काठांचे एकेक जुने खत, म्हणजे दस्तऐवज, आहे. उर्दू खत वाचणारे आता घरात कोणी उरलेले नाही.

स्वातंत्र्यदिनाची आजीची आठवण ऐकून मी अनेकदा गोंधळून जात असे, कारण ती त्या दिवसाला तारखेने ओळखत नसे. ती म्हणे, “धोंड्याचा महिना सरत आल्ता.” मी एकदा जुने पंचांग काढून पाहिले. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, महिना अधिक श्रावणाचा होता आणि तिथी वद्य चतुर्दशी, म्हणजे अधिक मास संपायला जेमतेम एक दिवस उरला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, नारायण मानून, तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे असते. आजीच्या लग्नानंतर अनारशांचे पीठ जमवून माहेरच्यांनी त्या वर्षी मोठ्या हौसेने बोलावणे धाडले होते. तेव्हा माझे वडील आजीच्या पोटात होते. सातवा महिना लागला होता आणि पहिले बाळंतपण माहेरी करायचे, म्हणून आजोबा तिला पोहोचवायलाही गेले होते. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या पहाटे माझे आजोबा, आजी आणि अजून जन्माला न आलेले माझे वडील असे आमचे सगळे घरदार निजामाच्या राज्यात होते.

त्या घरात आदल्या रात्री कोणी झोपले नव्हते. आजीचा थोरला भाऊ, ज्यांना मी मामाआजोबा म्हणत असे, नांदेडला शिकत होता. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेनंतर शाळा सोडून घरी आला होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टपासून ‘भारतात सामील व्हा’ म्हणून सत्याग्रह सुरू केला होता, आणि त्या राज्यात तिरंगा लावणे म्हणजे तुरुंगाला बोलावणे होते. स्वामीजींना तर नेमकी १५ ऑगस्टलाच अटक झाली. इकडे आमच्या गावच्या शाळेत सकाळी झेंडा लागायचा होता आणि आजोबांना तिथे पोहोचायचे होते. नदी चढली होती. सासूबाई वाण दिल्याशिवाय जावयाला सोडीनात. भोई म्हणत होता, उशीर केला तर मी डोंगा घालणार नाही. शेवटी अंधारातच निरांजन लावून, ताटातल्या अनारशांवर जाळीदार रुमाल टाकून वाण झाले आणि ते ताट मांडीवर धरून आजोबा डोंग्यात बसले. शाळेत पोहोचले तेव्हा झेंडा नुकताच लागला होता. मुलांना वाटायला खाऊ म्हणून गूळ होता, तो पुरला नाही. आजोबांनी ताटावरचा रुमाल काढला. पलीकडच्या काठावर तळलेले ते तेहतीस अनारसे अलीकडच्या काठावर झेंड्याखाली, अर्धे-अर्धे करून वाटले गेले.

आजीने हे पाहिले नाही. ती भावासोबत पलीकडच्या काठावर उभी होती. नदीच्या फुगलेल्या पाण्यापलीकडे तिला माणसांची हालचाल आणि एक काठी दिसली. कापडाचा रंग काही ओळखू आला नाही. भाऊ मात्र उभा राहून तिकडे हात जोडत होता. आपल्या नवऱ्याच्या गावाला भाऊ हात का जोडतो, असे तिला क्षणभर वाटले, असे ती सांगायची. मला तिच्या सगळ्या आठवणींत ही सगळ्यात खरी वाटते, कारण तिच्यात कोणताही मोठेपणा नाही.

ते बाळंतपण माहेरी झाले नाही. पाणी ओसरताच सासऱ्यांनी निरोप पाठवून तिला परत आणवले. दिवस बिघडत चालले होते. लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीन या निजामाच्या बाजूच्या संघटनेचा अध्यक्ष झाला होता, रझाकारांची, म्हणजे तिच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, पथके खेड्यापाड्यांतून फिरू लागली होती आणि त्यांच्या दहशतीने माणसे रातोरात घरे सोडून सरहद्दीकडे निघाली होती. नोव्हेंबरमध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. पण नदीकाठच्या गावांत जैसे थे असे काहीच राहिले नव्हते. माझ्या वडिलांचा जन्म आमच्या माजघरात झाला. माहेरून यायचे ते डिंकाचे लाडू आले एका मनियाराच्या हाताने. हा बांगड्या विकणारा माणूस दोन्ही काठांवरच्या गावांत वर्षानुवर्षे फिरत असे. सणासुदीला, लग्नाकार्याला घरोघर बायकांच्या हातांत बांगड्या भरणारा तोच. नाक्यावरचे शिपाई त्याला ओळखत, इकडचे पोलीसही ओळखत, म्हणून त्या वर्षभरात आजीच्या सासर-माहेरमधले टपाल म्हणजे तोच होता. बांगड्यांच्या माळांखाली त्याने काय काय आणले आणि नेले, याची यादी आजी मोठ्या मायेने सांगत असे: लाडू, बाळाची टोपी, मिठाची पुडी, रॉकेलची बाटली. १९४८ मध्ये भारत सरकारने हैदराबादची नाकेबंदी केल्यावर तिकडे मीठ आणि रॉकेल मिळेनासे झाले, तेव्हा ही शेवटची दोन्ही त्याने जिवावर उदार होऊन नेली.

मामाआजोबा तोवर इकडे आले होते. निजामाच्या राज्यातून निसटलेल्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगतच्या भारतीय मुलखात शिबिरे उघडली होती. लोणारला होते, चांद्याला होते, तसे उमरखेडलाही होते. तिथून रात्री नदी ओलांडून जायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, निजामाचे आबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडायची आणि उजाडायच्या आत परत यायचे. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर लढ्याच्या निधीसाठी घातलेली धाड याच काळातली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. सेवाग्राम आमच्या यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यात असल्याने घरातल्याच वडीलधाऱ्याचे सुतक लागावे तशा चुली त्या रात्री बंद राहिल्या.

शिबिराचा इतिहास लिहिताना त्यात किती बंदुका होत्या, हे लिहितात. पण तिथल्या पोरांना खायला कोण घालत होते, हेही लिहायला हवे. आमच्या घरून दर तिसऱ्या दिवशी भाकरींची दुरडी जाई. पहाटे तीनला आजी आणि तिची जाऊ जात्यावर बसत. ज्वारीच्या साठ-सत्तर भाकरी, लसणाचा ठेचा आणि कधी कोरडा झुणका, असे बांधून धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे भाऊ, बंडीत कडब्याखाली ठेवून नेत. स्वतः धाकटे आजोबाही पुढे शिबिरातच राहू लागले. आजीच्या पाठीवर बाळ बांधलेले असे आणि जात्याच्या खुंट्याला धरून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. या कामासाठी तिला कोणी स्वातंत्र्यसैनिक म्हटले नाही. तिने स्वतःलाही कधी म्हटले नाही. मी मात्र म्हणते.

आता १९४८ च्या पोळ्याची गोष्ट, जी आमच्या घरात दरवर्षी सांगितली जाते.

पलीकडे आजीचे आईवडील आणि धाकटी बहीण अजून घर सोडायला तयार नव्हते. उन्हाळ्यात सहज निघता आले असते. पण मृग लागला, पेरणी झाली, आणि हिरवे वावर सोडून कास्तकार जात नाही. पावसाळ्यात नदी भरली आणि वाट बंद झाली. श्रावणाच्या शेवटी मनियार भिजलेल्या अंगाने आला आणि म्हणाला, शेजारच्या गावात एका टोळीने घरे पेटवली, तुमच्या गावच्या चावडीवरही दंडाचा आकडा आला आहे, बायामाणसांना लवकर काढा. दोनदा निरोप गेला आणि दोनदा आजीच्या आईने तो परत पाठवला. तिसऱ्या वेळी आजी म्हणाली, आणायला मी गेले तरच ती येईल. घरातल्या पुरुषांनी ओसरीवर बसून पुष्कळ विचार केला. माझी पणजी, म्हणजे आजीची सासू, आतून आली, तिने आजीच्या मांडीवरून दहा महिन्यांचे बाळ उचलले आणि म्हणाली, “जाय. पोरगं मी पाह्यतो.” त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. ज्या काळात सुनेला विहिरीवर एकटीने जायला सासूची परवानगी लागे, त्या काळात एका सासूने सुनेला रात्री पुरात, दुसऱ्या राज्यात पाठवले. या साहसातला निम्मा वाटा मी त्या पणजीला देते.

पोळा अमावास्येचा, निघाले ते पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री. चंद्र नव्हता, हे सोयीचेच होते. डोंग्यात म्हातारा भोई, त्याचा मुलगा, धाकटे आजोबा आणि आजी. पुरात नदी सरळ ओलांडता येत नाही. डोंगा आधी काठाकाठाने, दोर लावून, वर अर्धा कोस ओढत न्यावा लागतो. मग धारेत सोडायचा आणि वल्ह्याने फक्त तोंड सांभाळत तिरपे वाहत जायचे, म्हणजे पलीकडे पोहोचेपर्यंत आपण बरोबर उताराच्या समोर लागतो. दिवा नाही, बोलणे नाही. म्हातारा पाण्याच्या आवाजावरून भोवरा ओळखत होता. आजीला पोहता येत नव्हते. तिच्या कमरेला दोन वाळके भोपळे बांधले होते आणि तिला सारखी भीती वाटत होती ती बुडण्याची नाही, तर ते भोपळे एकमेकांवर आपटून वाजतील याची.

पलीकडे घरी पोहोचल्यावर खरी अडचण सुरू झाली. वडील येणार नाहीत म्हणाले. परवा ज्यांचे खांदे हळद-तूप लावून शेकले, काल ज्यांच्या पाया पडून पुरणपोळी चारली, ते बैल दावणीला सोडून मी कसा येऊ, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हते. आई येणार नाही म्हणाली, कारण थोड्याच दिवसांवर महालक्ष्म्या आल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून तिने ज्येष्ठा-कनिष्ठा बसवायचे एकही वर्ष चुकवले नव्हते. आजीने वाद घातला नाही. देवघरातले दोन्ही पितळी मुखवटे तिने लुगड्यात गुंडाळले, पिठाच्या डब्यात तळाशी ठेवले, वाजू नयेत म्हणून वरून ज्वारीचे पीठ दाबून भरले आणि डबा डोक्यावर घेऊन दाराबाहेर पडली. देवी निघाल्यावर आईला मागे राहणे शक्य नव्हते. ती धाकट्या मुलीचा हात धरून मागोमाग आली. सोबत भावकीतल्या दोन बायाही निघाल्या.

येताना डोंग्यात आठ माणसे झाली आणि काठ पाण्यापासून चार बोटे उरला. मधल्या धारेत वाहत आलेला एक ओंडका बाजूला घासून गेला, पाणी आत आले, आणि आजीच्या तेरा वर्षांच्या बहिणीने लोट्याने ते उपसायला सुरुवात केली, ती काठ लागेपर्यंत थांबली नाही. आजी डबा पोटाशी धरून बसली होती. डोंगा उतारापासून बराच खाली, कोणाच्या तरी तुरीच्या वावराला लागला. पोटरीएवढ्या गाळातून अनवाणी चालत त्या पाच बाया पहाटे आमच्या वाड्याच्या मागच्या दाराने आत आल्या, तेव्हा पणजी बाळाला मांडीवर घेऊन तशीच बसलेली होती.

त्या वर्षी आमच्या घरात दोन घरांच्या महालक्ष्म्या बसल्या. एका घरात दुसऱ्या कुळाच्या देवी कशा बसवायच्या, असा प्रश्न गुरुजींनी काढला. पणजी म्हणाली, “बहिणी बहिणीच हायत त्या. बसतीन.” पूजन झाले. सोळा भाज्या, पुरण, आंबील असा सगळा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी विसर्जन झाले. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा चहूबाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरल्या. आमच्याकडे त्याला ‘पोलीस ॲक्शन’ हेच नाव रूढ झाले. पाच दिवसांत सगळे आटोपले. १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ ला त्याच्या सेनापतीने, एल एद्रूसने, भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढे शस्त्रे खाली ठेवली. त्याच सुमारास एका सकाळी आजीचे वडील दोन्ही बैल घेऊन पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी उपरणे हवेत फिरवले. इकडून आजीच्या आईने ते ओळखले आणि ती घाटाच्या पायरीवर मटकन बसली.

घरात सांगितली जाणारी गोष्ट इथे संपते. मीही तीस वर्षांची होईपर्यंत ती इथेच संपते असे समजत होते.

महालक्ष्म्यांच्या आमच्या पेटीत मुखवट्यांशेजारी एका जुन्या फडक्यात हिरव्या काचेच्या बांगड्या बांधून ठेवलेल्या असत. सणाला त्या बाहेर काढून ज्येष्ठेच्या पुढ्यात ठेवायच्या, पण कोणाच्या हातात भरायच्या नाहीत. त्या देवीच्या असतील, असे आम्ही धरून चाललो होतो. एका वर्षी मुखवटे पुसता पुसता मी आजीला सहज विचारले. घरात बाकी कोणी नव्हते. तिने त्या दुपारी जे सांगितले, ते आधी कधी सांगितले नव्हते आणि नंतरही पुन्हा सांगितले नाही.

घट बसायच्या आधी, सप्टेंबरच्या अखेरीस, त्याच म्हाताऱ्या भोयाने एका रात्री मागच्या दाराची कडी वाजवली. त्याच्यासोबत तो मनियार, त्याची बायको आणि दोन लेकरे होती. पलीकडे आता वारे उलटे फिरले होते. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान घरांवर उगवला जात होता. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने अगदी कमीत कमी धरून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वांत वाईट स्थिती असलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदरच्या जोडीला नांदेडचे नाव घेतले. तो अहवाल सामान्य वाचकाला पाहायला मिळाला तो २०१३ मध्ये. आजीने तो अहवाल ऐकलाही नव्हता. तिला त्या रात्री एवढेच दिसले की ज्याने आपल्या बाळंतपणाचे लाडू आणले, तो माणूस आपल्या दारात उभा राहून आत येऊ का असे विचारतो आहे.

धाकटे आजोबा विरोधात होते. वर्षभर शिबिरात राहिलेल्या, सोबत्यांना मरताना पाहिलेल्या त्या माणसाचा राग मला समजतो. पुन्हा पणजीच बोलली. “याच्या हातच्या बांगड्या घालून या घरच्या समद्या सुना नांदल्या,” ती म्हणाली. “हा आता कोठी जाईन?” त्या चौघांना गोठ्यामागच्या कडब्याच्या कोठ्यात ठेवले. दिवाळी होईपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, ती तिथे राहिली. दिवसा लेकरांना रडू द्यायचे नाही, रात्री अंगणात आणायचे. भाकरीची दुरडी पुन्हा भरू लागली, फक्त आता ती बंडीत न जाता मागच्या अंगणात जात होती.

त्या महिन्यातल्या एका दुपारी मामाआजोबा आले. अंगात खाकी, गळ्यात फुलांचा हार, आवाज बसलेला. बहिणीला भेटायला, आईला घरी न्यायला आले होते. आजीने ओसरीवर पाट मांडला. ते जेवता जेवता पलीकडच्या बातम्या सांगत होते, कोणत्या गावात काय झाले, कोण पळून गेले, मोगलाई कशी साफ झाली. कोठ्यात आणि ओसरीत दोन भिंतींचे अंतर होते. आजी वाढत होती. “माह्या पाठीमांगं ते चौघं,” ती मला म्हणाली, “अन् म्होरं माह्या पाठचा भाऊ. म्या त्याले सांगितलं नाई, का घरात कोन हाय. अन् त्यानं तिकडं काय केलं, हे बी म्या इचारलं नाई.”

थोरल्या भावाला ती ‘पाठचा’ म्हणाली, ते मी त्या वेळी दुरुस्त केले नाही. तिला तो त्या क्षणी आपल्याहून लहान वाटला असेल.

दिवाळीनंतर मनियाराचे कुटुंब बंडीतून पुसदच्या बाजूला, त्यांच्या नातलगांकडे गेले. जाताना त्याच्या बायकोने, सोबत आणता आलेल्या एकुलत्या पेटीतून, बारा हिरव्या बांगड्या काढून आजीच्या हातात ठेवल्या. भरू का, म्हणून विचारले. आजीने मान हलवली. भावाला वाढले तो हात त्या बाईच्या हातात द्यायचा तिला धीर झाला नाही. तिने त्या फडक्यात बांधल्या आणि देवीजवळ ठेवल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि पैनगंगेचे आमच्याकडचे दोन्ही काठ एकशे तीन वर्षांनी पुन्हा एका राज्यात आले. पुढे वर इसापूरचे धरण झाले, पूर पूर्वीसारखा येईना. आता नागपूर–तुळजापूर महामार्गाच्या पुलावरून आजीचे माहेर दहा मिनिटांवर आहे आणि नाक्याची जागा झुडपांत शोधावी लागते. मामाआजोबांना लढ्याचे सन्मानपत्र मिळाले. ते त्यांच्या बैठकीत मधोमध लावलेले होते. ते प्रेमळ गृहस्थ होते. मला त्यांनी सायकल शिकवली, पुस्तके घेऊन दिली, आणि त्या लढ्याबद्दल मी विचारीन ते सगळे मनापासून सांगितले. आजीने मला ती गोष्ट सांगितल्यानंतर ते सहा वर्षे जगले. त्या सहा वर्षांत मी त्यांच्याकडे अनेकदा गेले, त्या सन्मानपत्राखालच्या खुर्चीत बसून चहा घेतला, आणि मीही विचारले नाही.

आजी गेल्यावर महालक्ष्म्यांची पेटी माझ्याकडे आली. मी दरवर्षी फडके सोडून बांगड्या ज्येष्ठेच्या पुढ्यात ठेवते. काच जुनी झाली आहे. हाताळताना एखादी तडकते. बारा होत्या, आता सात आहेत.